हातात मेणबत्ती घेऊन जा: वाकेचुलात मृतांच्या सणाला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मेक्सिकोतला मृतांचा सण म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती राजधानीतली मिरवणूक. रंगवलेले चेहरे, प्रचंड सांगाडे, वाजंत्री. ती मिरवणूक २०१६ साली सुरू झाली. गावांमधला सण त्याहून कितीतरी जुना, आणि तो मुख्यतः घरात आणि कबरस्तानात होतो. पुएब्ला शहरात मी चार वर्षं राहिले आणि चारही वर्षं नोव्हेंबरात वाकेचुला गावी गेले. पहिल्या वर्षी रिकाम्या हातांनी गेले होते. त्याच वर्षी नवरा गेलेल्या एका बाईंनी मला हाताला धरून बसवलं, चॉकलेटचा वाफाळता पेला आणि पाव पुढे केला, आणि माझ्याजवळ त्यांच्या माणसासाठी साधी मेणबत्तीही नव्हती. ती बोच अजून आहे. तुम्हाला ती लागू नये म्हणून इतक्या तपशिलात लिहिते आहे.

वाकेचुला पुएब्ला राज्यात आहे, पोपोकातेपेत्ल या जागत्या ज्वालामुखीच्या टापूत. गाव मूळचं नाव्हा या इथल्या आदिवासी लोकांचं; मधोमध सोळाव्या शतकातला फ्रान्सिस्कन मठ. वर्षभरात ज्यांच्या घरी कुणी गेलं असेल, ती घरं इथे छताला भिडणारी पांढरीशुभ्र ओफ्रेंदा उभारतात आणि दारं सताड उघडी ठेवतात. ओफ्रेंदा म्हणजे मृतांसाठी मांडलेली अर्पणाची वेदी. येणाऱ्या प्रत्येकाला, ओळख असो वा नसो, खाऊपिऊ घातलं जातं.

निघण्याआधी: हा सण कशाचा आहे

आपल्याला पटकन पितृपक्ष आठवतो, आणि साम्य आहेच: गेलेली माणसं ठरावीक दिवशी घरी येतात, त्यांच्या आवडीचं रांधायचं. पण इथे सुतक पाळल्यासारखं वातावरण नसतं. सणाच्या दिवसांत अडवून ठेवलेली शुभकार्यं, दर्भ, पिंड, कावळ्याची वाट बघणं, यातलं काहीच नाही. घर सजतं, मुलं खेळतात, रडूही येतं आणि ते कुणी लपवत नाही.

मुळाशी दोन धागे आहेत. मेहिका, म्हणजे ज्यांना आपण ॲझ्टेक म्हणतो, त्या लोकांच्या पंचांगात मृतांचे दोन उत्सव होते, एक लहानग्यांचा आणि एक मोठ्यांचा, आणि ते उन्हाळ्याच्या उत्तरार्धात यायचे. स्पॅनिश आले ते सर्व संतांचा दिवस (१ नोव्हेंबर) आणि सर्व आत्म्यांचा दिवस (२ नोव्हेंबर) घेऊन. दिएगो दुरान या डोमिनिकन धर्मगुरूने सोळाव्या शतकातच नोंदवून ठेवलं की लोक पहिल्या दिवशी मुलांसाठी आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यांसाठी अर्पण करतात, आणि हा जुनाच उत्सव नव्या तारखांना होतो आहे असा त्याला दाट संशय होता. मुलं आधी आणि मोठी नंतर ही वाटणी आजही तशीच आहे. जुन्या समजुतीत मृत माणूस मिक्त्लान या पाताळात पोहोचायला चार वर्षं चालतो, वाटेतली नदी कुत्रा पार करून देतो. म्हणून काही ओफ्रेंदांवर मातीचा कुत्रा दिसतो. दिसला तर खेळणं समजू नका.

युनेस्कोने २००८ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत या सणाची नोंद केली, ती 'मृतांना वाहिलेला आदिवासी सण' अशाच अर्थाच्या नावाने. आपल्याकडे गोव्यात आणि वसईत २ नोव्हेंबरला कबरी साफ करून फुलं-मेणबत्त्या ठेवणाऱ्या घरांतल्या वाचकांना यातलं अर्धं आधीच ठाऊक असेल. उरलेलं अर्धं मेक्सिकोचं स्वतःचं आहे.

तारखा नीट लावून घ्या

इथे बहुतेक नवखे चुकतात. '२ नोव्हेंबरचा सण' समजून त्या दिवशी संध्याकाळी पोहोचतात तेव्हा पाहुणे आत्मे निघून गेलेले असतात. पुएब्लाच्या बाजूला क्रम साधारण असा:

२८ ऑक्टोबर: अपघाताने किंवा हिंसेने गेलेले.
३१ ऑक्टोबर दुपार ते १ नोव्हेंबर दुपार: लहान मुलं. त्यांना 'आन्हेलितोस' म्हणतात, छोटे देवदूत.
१ नोव्हेंबर दुपार ते २ नोव्हेंबर दुपार: मोठी माणसं. २ तारखेला सगळं गाव कबरस्तानात.

वाकेचुलासाठी १ नोव्हेंबरची दुपार सर्वांत महत्त्वाची. त्या वेळी रस्त्यापासून दारापर्यंत पाकळ्यांची वाट घातली जाते आणि घरं पाहुण्यांसाठी खुली होतात. एकच दिवस मिळणार असेल तर हाच घ्या. दोन मिळाले तर दुसऱ्या दिवशी सकाळी कबरस्तान.

मुक्काम, प्रवास, पैसे

हे थोडक्यात. मुक्काम अत्लिस्को या जवळच्या शहरात करा. पुएब्लाहून ते साधारण ३० किलोमीटर, बस मिळते. पुढे वाकेचुलाला लहान गाड्या जातात. रात्री उशिरा परतीची गाडी गृहीत धरू नका, जातानाच चालकाला शेवटच्या फेरीची वेळ विचारा. खोली दोन-तीन महिने आधी घ्या. २ नोव्हेंबरला बँका बंद असतात, म्हणून रोख पेसो, तेही सुट्टे, ३१ तारखेपर्यंत काढून ठेवा. दुपारी ऊन चटका देतं आणि सूर्य मावळला की गारठा पडतो, शाल हवीच.

पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा सहसा लागत नाही, पण नियम बदलतात. तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

बाजार: ३० किंवा ३१ ऑक्टोबर

हा दिवस वगळू नका. अत्लिस्कोभोवतीची शेतं ऑक्टोबरच्या शेवटी केशरी होतात आणि ते केशरी सगळं बाजारात येतं. हे फूल तुम्हाला लांबूनच ओळखू येईल, कारण तो आपला झेंडू आहे. नुसता सारखा दिसणारा नव्हे, तोच. त्याचं मूळ मेक्सिकोत. पुढे पोर्तुगिजांच्या काळात समुद्रमार्गे आपल्याकडे आला आणि दसऱ्याच्या तोरणात असा मिसळला की परका होता हे कुणाच्या ध्यानीमनी नाही. नाव्हात्ल भाषेतलं त्याचं नाव 'सेम्पोआल्शोचित्ल', म्हणजे वीस फुलांचं फूल, त्याच्या भरगच्च पाकळ्यांवरून. आज सगळे सेम्पासूचिल म्हणतात. पुएब्ला हे राज्य त्याच्या उत्पादनात देशात पहिलं आहे. पहिल्यांदा त्या बाजारात शिरले तेव्हा दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या दादर फुलबाजाराचा वास आला आणि मी बराच वेळ जागची हलले नाही.

काय घ्यायचं ते दोन भागांत लक्षात ठेवा: लोकांच्या घरी नेण्यासाठी आणि स्वतःच्या ओफ्रेंदासाठी.

लोकांच्या घरी न्यायला मेणबत्त्या. मेणाच्या लांब पांढऱ्या घ्या किंवा काचेच्या पेल्यातल्या. पेल्यातलीला वेलादोरा म्हणतात. जितकी घरं बघायची तितक्या, वर दोन जास्त. सोबत पांढऱ्या फुलांची एखादी जुडी. महाग काही आणू नका, घरच्यांना अवघडल्यासारखं होतं.

स्वतःसाठी: झेंडूच्या दोन जुड्या, कोंबड्याच्या गडद लाल फुलांची एक (इथे त्याला तेर्सिओपेलो, म्हणजे मखमल, म्हणतात), कोपाल, आणि कोपाल जाळायला मातीचं भांडं. कोपाल हा झाडाचा डिंक; निखाऱ्यावर टाकला की उदासारखा पण थोडा लिंबाच्या अंगाने जाणारा धूर निघतो. भांड्याला साउमेरियो म्हणतात, आपलं धुपाटणंच. पापेल पिकादो म्हणजे पातळ रंगीत कागदावर छिन्नीने कोरलेल्या पताका. त्यांचं माहेरही पुएब्लातच, सान साल्वादोर विश्कोलोत्ला नावाच्या गावी. साखरेच्या कवट्या मिळतात तशा राजगिऱ्याच्याही मिळतात, आणि मी नेहमी त्याच घेते. राजगिरा इथलाच. जुन्या काळी त्याच्या कणकेच्या देवमूर्ती करत, म्हणून स्पॅनिश धर्मगुरूंचा त्याच्यावर राग होता. आता तो कवटी होऊन परत वेदीवर बसला आहे.

पाव घ्यायला विसरू नका. मृतांच्या पावाला इतरत्र 'पान दे मुएर्तो' म्हणतात, पुएब्लात त्याला 'ओहाल्द्रा' म्हणून मागा: गोल, वर कणकेचीच हाडं आडवी लावलेली, त्यावर तीळ.

मुक्कामी स्वतःची ओफ्रेंदा

परक्याच्या सणात आपली माणसं कशी बसवायची, असं मलाही वाटलं होतं. घरमालकीणबाईंनी विचारलं, "तुमच्याकडे कुणी गेलेलं नाही का?" त्यांच्या दृष्टीने मी या दिवसांत ओफ्रेंदा न मांडणं म्हणजे माझी आजी दारात येऊन उभी राहणार आणि आत कुणी बोलावणार नाही. तेव्हापासून मी मांडते. तुम्हीही मांडा, दुसऱ्याच्या घरची वेदी बघायला जाण्याआधी स्वतः एक मांडली की डोळे वेगळे होतात.

आधी जागा आणि पायऱ्या. भिंतीला लागून टेबल, त्यावर एक खोकं, दोन्हींवर पांढरं कापड. झाल्या दोन पायऱ्या: खाली पृथ्वी, वर आकाश. कुणी तीन करतात, कुणी सात, दोन पुरतात.

फोटो वरच्या पायरीवर. फोटो नसेल तर कागदावर नाव लिहून ठेवा. जिवंत माणूस दिसत असलेला फोटो ठेवू नये असं बहुतेक घरांत मानतात, म्हणून समूहातला फोटो टाळा.

मग पेलाभर पाणी, कारण लांबून चालून आलेल्याला आधी तहान लागते. शेजारी बशीत मीठ. प्रत्येक माणसासाठी एक मेणबत्ती, आणि ज्याला आठवणारं कुणी उरलं नाही अशा जिवासाठी एक जास्तीची. ही शेवटची मेणबत्ती मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडते. सर्वपित्रीला आपण करतो ते याच भावनेने.

खाण्यात पाव, फळं, आणि त्या माणसाची आवड. ओफ्रेंदाचे नियम इथे सैल होतात. मेस्काल ही इथली दारू पिणाऱ्याला मेस्काल, विडी ओढणाऱ्याला विडी. माझ्या आजीला मी आल्याचा चहा ठेवते, बशीसकट, कारण ती बशीतूनच प्यायची.

शेवटी झेंडूच्या पाकळ्या मोकळ्या करून दारापासून टेबलापर्यंत वाट घाला. त्या रंगाने आणि वासाने आत्म्याला रस्ता सापडतो असं म्हणतात. साउमेरियोत निखारा, त्यावर कोपालचे दोन खडे, आणि खिडकी किलकिली. जळत्या मेणबत्त्या पताकांपासून हातभर लांब, आणि बाहेर पडताना विझवून. लाकडी छपराच्या भाड्याच्या खोलीत हे काटेकोर पाळा.

वाकेचुलात: दारापासून दारापर्यंत

दुपारी दोन-तीनच्या सुमारास गावात असा. पत्ता विचारायची गरज सहसा पडत नाही. रस्त्यावरून एखाद्या दारात पाकळ्यांची वाट वळलेली दिसली की त्या घरात नवी ओफ्रेंदा आहे. वाटेवर पाय देऊ नका, कडेने चाला. ती तुमच्यासाठी घातलेली नाही.

दाराशी थांबा. "बुएनास तार्देस. पोदेमोस पासार आ वेर ला ओफ्रेंदा?" म्हणजे, नमस्कार, ओफ्रेंदा बघायला आत येऊ का? उत्तर बहुधा "पासेन, पासेन" असं येतं. स्पॅनिशमध्येही तू आणि तुम्ही आहे. अनोळखी माणसाला, त्यातून शोकातल्या घरी, 'उस्तेद'च म्हणा.

मेणबत्ती घरच्यांच्या हातात द्या, थेट वेदीवर ठेवू नका. ती कुठे ठेवायची ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. देताना गेलेल्या माणसाचं नाव विचारा. माझ्या अनुभवात याहून चांगला प्रश्न नाही. नाव सांगता सांगता लोक पुढचं आपणहून सांगतात: काय काम करायचे, काय आवडायचं, कसे गेले. भाषा अर्धीमुर्धी समजली तरी चालतं, मान डोलवून ऐका.

मग वेदीकडे बघा. पांढऱ्या साटिनच्या चुण्या, खांब, एकावर एक चढत गेलेले मजले. अशा वेद्या बांधण्यात हातखंडा असलेले कारागीर गावात आहेत, आणि घरं त्यासाठी पदराला खार लावून घेतात. सर्वांत खालच्या मजल्यावर जेवण, फळं, पाव, आणि रडणाऱ्या मुलांच्या लहान मूर्ती. त्यांना योरोन्सितोस म्हणतात, रडवेले. फोटोही इथेच असतो, पण तो तुमच्याकडे बघत नाही. तो आरशासमोर ठेवलेला असतो आणि तुम्हाला दिसतं ते प्रतिबिंब. माणूस आता पलीकडच्या जगात आहे, इथून फक्त त्याची छाया दिसते, असा त्याचा अर्थ मला एका घरी सांगितला गेला. मधल्या मजल्यावर देवदूत आणि मारिया, सर्वांत वर क्रूस. मूल गेलेल्या घरी खाली खेळणी असतात. अशा घरात मी जास्त वेळ थांबत नाही.

प्रार्थना चालू असेल तर ती संपेपर्यंत मागे उभे राहा. मोबाइल खिशात. फोटो काढायचा असेल तर "पुएदो तोमार ऊना फोतो?" विचारा, आणि वेदीचा काढा, रडणाऱ्या माणसांचा नाही. कवटीसारखा चेहरा रंगवून या घरांत जाऊ नका. अत्लिस्कोच्या चौकात हौसेने रंगवा, तिथे ते शोभतं. ज्या बाईचा मुलगा मार्चमध्ये गेला तिच्या दारात शोभत नाही.

पानावर बसवलं की

बसवतीलच. नाही म्हणू नका. निदान पेला तरी घ्या. पाहुण्याने खाल्लं की गेलेल्या माणसाला पोहोचतं, अशी इथली धारणा आहे, आणि तुमच्या नकाराने वाईट वाटतं ते त्या माणसाच्या वतीने.

शाकाहारी वाचकांनी हे नीट वाचा. मोले हा तिखट-गोड घट्ट रस्सा बहुधा कोंबडी किंवा टर्कीवर वाढतात आणि तो त्याच अंगरसात शिजलेला असतो. तामाल, म्हणजे मक्याच्या पानात उकडलेली मक्याची वडी, आत मिरची किंवा गोड सारण असलं तरी पिठात डुकराची चरबी असते. घोटलेल्या घेवड्यातही ती असू शकते. पावात अंडं असतं. बिनधोक म्हणजे आतोले, मक्याच्या पिठाची पातळ गरम पेज, पाण्यातली किंवा दुधातली; चॉकलेट; आणि फळं. बसण्याआधीच "सोय वेहेतारियाना" (पुरुषांनी "वेहेतारियानो") सांगा आणि लगेच "पेरो उन आतोले, सी" जोडा, म्हणजे 'पण आतोले घेईन'. नकारापाठोपाठ होकार आला की यजमानाचा चेहरा खुलतो.

उठताना खोलीतल्या इतर जेवणाऱ्यांना "प्रोवेचो" म्हणायचं. हे कुणी शिकवत नाही आणि सगळ्यांच्या लक्षात येतं. पैसे देऊ करू नका. तीन-चार घरं झाली की पोट भरतं. एका दिवसात दहा घरं उरकणारी मंडळी मी पाहिली आहेत, त्यांना एकही नाव आठवत नव्हतं.

२ नोव्हेंबर, कबरस्तान

सकाळी लवकर जा. इथे बादल्या, खराटे आणि फुलांचे भारे घेऊन घरच्या घरं आलेली असतात. कबर धुतात, तण उपटतात, झेंडू रचतात, मग तिथेच बसून डबा उघडतात. तुम्ही कडेकडेने फिरा. कुणी पाणी आणून द्यायला सांगितलं तर आनंदाने आणा, ते आमंत्रणच असतं. एखादी कबर ओकीबोकी दिसेल, वर्षानुवर्षं कुणी न आलेली. उरलेली मेणबत्ती तिथे लावली तर कुणी हरकत घेत नाही. मी आधी शेजारच्या कबरीवरच्या लोकांना विचारते.

आवराआवर

३ तारखेला स्वतःची ओफ्रेंदा उतरवा. खाल्लं जाण्यासारखं सगळं शेजारीपाजारी वाटायचं. लोक सांगतात की आत्म्याने वास आणि चव घेतलेली असते, म्हणून हे अन्न फिकं लागतं. माझ्या घरमालकीणबाई ओहाल्द्राचा तुकडा मोडून खात आणि गंभीरपणे म्हणत, "हो, खाल्लंय हिने."

सुकलेला झेंडू फेकू नका. फूल पूर्ण वाळलं की पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या काड्यांसारख्या बिया सुटतात. कागदाच्या पुडीत बांधून, वर ज्या घरी गेलात तिथलं नाव लिहून कोरड्या जागी ठेवा. पुएब्लातले शेतकरी त्या जूनच्या अखेरीस, पाऊस लागला की पेरतात, आणि फूल ऑक्टोबरच्या शेवटी तोडायला येतं. देशाबाहेर नेऊ नका, बियाणं विमानतळावर अडवतात. तिथेच राहणार असाल तर खिडकीतली एक कुंडी पुरते.